टिग्रे टूलबॉक्स: कोन-बीम सीटीचा अल्गोरिदम स्वतः लिहिणाऱ्यांसाठी परीक्षण

दातांच्या दवाखान्यात डोक्याभोवती फिरणारं मशीन, कॅन्सर रुग्णालयातल्या लिनॅकच्या (किरणोपचाराच्या यंत्राच्या) दोन बाजूंना आडव्या हातांवर बसवलेली ट्यूब आणि पॅनेल, ऑपरेशन थिएटरमधला त्रिमिती सी-आर्म (सी आकाराच्या हातावरचं क्ष-किरण यंत्र). तिन्हींत क्ष-किरणांचा शंकू सपाट डिटेक्टरवर पडतो आणि काहीशे सावल्यांवरून शरीराच्या आतल्या प्रत्येक व्हॉक्सेलचा (त्रिमिती प्रतिमेच्या छोट्या घनाचा) आकडा काढायचा असतो. हे काम करणारा अल्गोरिदम ज्यांना स्वतः लिहायचा किंवा सुधारायचा आहे त्यांच्यासाठी आज फुकट मिळणारी तीन चांगली साधनं आहेत: टिग्रे, अ‍ॅस्ट्रा आणि आरटीके. इथे मुख्यतः टिग्रेबद्दल, आणि जिथे ते कमी पडतं तिथे बाकी दोघांबद्दल.

टिग्रे तयार झालं ते सर्न आणि इंग्लंडमधलं बाथ विद्यापीठ यांच्या एकत्र कामातून. त्यावरचा पहिला शोधनिबंध २०१६ सालचा. वरचा थर मॅटलॅब किंवा पायथॉनचा, खालचं जड काम कुडामध्ये, म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठीच्या भाषेत, लिहिलेलं. परवाना बीएसडी, म्हणजे कोड घेऊन बदलून बंद उत्पादनात वापरला तरी चालतो, श्रेय आणि परवान्याचा मजकूर ठेवला की झालं. निकाल आधीच सांगून टाकू: नवा इटरेटिव्ह, म्हणजे फेरीगणिक प्रतिमा सुधारत नेणारा, अल्गोरिदम लिहून पाहायचा असेल तर सुरुवात इथूनच करा. पण खऱ्या मशीनचा कच्चा डेटा आत टाकला की पलीकडून निदान करण्याजोगी प्रतिमा बाहेर येईल, ही अपेक्षा धरू नका. मधलं बरंच काम टिग्रे करत नाही, आणि ते करतं असा त्याचा दावाही नाही.

टिग्रेचं खरं मोल दोन फंक्शनांत आहे. पहिलं त्रिमिती प्रतिमेतून किरण सोडून डिटेक्टरवरच्या सावल्या काढतं, म्हणजे फॉरवर्ड प्रोजेक्शन. दुसरं सावल्यांचे आकडे त्याच किरणांच्या वाटेनं उलट प्रतिमेत पसरवतं, म्हणजे बॅकप्रोजेक्शन. गणितात ज्याला ए आणि ए-ट्रान्सपोज म्हणतात ते हेच. ही दोन हातात आली की एसआयआरटी हा साधा इटरेटिव्ह अल्गोरिदम दहा ओळींत लिहून होतो. शून्य भरलेली प्रतिमा घ्या, तिच्या सावल्या काढा, मोजलेल्या सावल्यांतून वजा करा, फरकाला प्रत्येक किरणाच्या प्रतिमेतल्या लांबीनं भागा, उलट पसरवा, प्रत्येक व्हॉक्सेलवर किती किरणांचा भार पडला त्यानं भागा, प्रतिमेत मिळवा, ऋण आकडे शून्य करा आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही भाजक मिळवायला वेगळं गणित लागत नाही: सगळीकडे एक भरलेल्या प्रतिमेच्या सावल्या काढल्या की पहिला, सगळीकडे एक भरलेल्या सावल्या उलट पसरवल्या की दुसरा.

इथे एक गोम आहे. प्रतिमेच्या कोपऱ्याला नुसते चाटून जाणारे किरण असतात. त्यांची आतली लांबी शून्याच्या जवळ असते आणि तिनं भागलं की आकडा फुगून प्रतिमेच्या कडेला पांढरी चौकट उमटते. टिग्रेच्या स्वतःच्या कोडमध्ये अशा फार छोट्या लांबीच्या जागी अनंत ठेवलेला आहे, म्हणजे त्या किरणाचा वाटाच शून्य होतो. स्वतःचा लूप लिहिताना ही एक ओळ विसरली की ती चौकट येणारच.

बसवताना काय लागतं

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतंच, दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर किंवा नुसत्या प्रोसेसरवर टिग्रे चालत नाही. कुडा टूलकिट आणि सी++ कंपायलर दोन्ही लागतात, कारण पॅकेज आपल्या मशीनवर कंपाइल होतं. विंडोजवर घोटाळा होतो तो बहुतेक वेळा इथेच: व्हिज्युअल स्टुडिओची नवी आवृत्ती आणि कुडाची जुनी आवृत्ती यांचं जमत नाही आणि चुकीचा संदेश भलत्याच फायलीचं नाव घेऊन येतो. आधी कुडाची आवृत्ती ठरवा, तिला चालणारा कंपायलर शोधा, मग पायथॉनचं एक स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करून त्यात बसवा. विंडोजवर आणखी एक गोष्ट: ज्या कार्डावर मॉनिटर जोडलाय त्यावर एखादं काम दोन सेकंदांहून जास्त अडलं तर विंडोज ड्रायव्हर परत चालू करतं आणि प्रोग्राम कोसळतो. मोठी प्रतिमा घेतल्यावरच कोसळत असेल आणि छोटी नीट चालत असेल तर पहिला संशय यावर घ्या. मॉनिटर दुसऱ्या कार्डावर टाका किंवा रजिस्ट्रीतली ती मुदत वाढवा. लिनक्सवर बसवणं मानानं सोपं.

सोबत येणाऱ्या डेमो फायली फार चांगल्या आहेत. क्रमांक घातलेल्या, एकीत एकच गोष्ट, भरपूर टिपा. पहिल्या काही तरी ओळीनं वाचल्याच पाहिजेत. पुढे काही अडलं तर उत्तर बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या फायलीत सापडतं.

भूमिती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

टिग्रेला मशीनचा नकाशा सांगायचा तो एका भूमितीच्या ऑब्जेक्टमध्ये. त्यात ट्यूबच्या फोकल स्पॉटपासून डिटेक्टरपर्यंतचं अंतर (डीएसडी), फोकल स्पॉटपासून फिरण्याच्या अक्षापर्यंतचं अंतर (डीएसओ), डिटेक्टरचे पिक्सेल किती आणि केवढे, प्रतिमेचे व्हॉक्सेल किती आणि केवढे, आणि डिटेक्टर किंवा प्रतिमा किती सरकलेली. लांबी मिलिमीटरमध्ये ठेवा, कोन रेडियनमध्ये.

लिनॅकवरच्या एका नेहमीच्या मांडणीचं उदाहरण घेऊ: अक्षापर्यंत १००० मिमी, डिटेक्टरपर्यंत १५०० मिमी, पॅनेल १०२४ बाय ७६८, पिक्सेल ०.३८८ मिमी. पॅनेलची रुंदी झाली ३९७ मिमी. मोठेपणा दीडपट, म्हणून अक्षावर एक पिक्सेल ०.२५९ मिमीचा पडतो. पॅनेल मधोमध असेल तर दिसणारं वर्तुळ साधारण २६२ मिमी व्यासाचं, म्हणजे डोकं मावतं, ओटीपोट मावत नाही. म्हणून पोटासाठी पॅनेल एका बाजूला १४८ मिमी सरकवतात आणि पूर्ण ३६० अंश फिरवतात. मग पॅनेलची दूरची कड मध्यापासून ३४६.६ मिमीवर जाते आणि वर्तुळ ४५० मिमीचं होतं.

आता चुका कशा होतात ते पाहा. टिग्रेच्या नमुना-भूमितीत डिटेक्टरचं अंतर १५३६ आहे. ती फाइल कॉपी करून बाकीचं बदललं आणि हा एक आकडा तसाच राहिला तर प्रतिमा छान येते, कुठेही डाग नाही. फक्त २०० मिमीचा फँटम (चाचणीसाठीची माहीत मापाची वस्तू) १९५.३ मिमी मोजला जातो, आणि तोच क्षय, म्हणजे किरणांची घट, कमी लांबीत बसवावा लागल्यामुळे पाण्याचा आकडा २४ हाउन्सफील्डनं (सीटीच्या आकड्यांचं एकक) वर जातो. नुसत्या डोळ्याला हे कळणार नाही. म्हणून माहीत मापाचा पाण्याचा सिलिंडर घेऊन व्यास आणि आकडा दोन्ही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ६० केईव्ही ऊर्जेच्या किरणांसाठी पाण्याचा क्षय गुणांक मिलिमीटरला ०.०२०६ आहे. तुमचा आकडा याच्या दसपट किंवा दशांश आला तर सेंटिमीटर-मिलिमीटरची गल्लत आहे.

दुसरी नेहमीची चूक अक्षांच्या क्रमाची. मॅटलॅबमध्ये भूमिती एक्स, वाय, झेड अशी द्यायची, पायथॉनमध्ये झेड, वाय, एक्स. डिटेक्टरही पायथॉनमध्ये उंची आधी, रुंदी नंतर: ७६८, १०२४. चौकोनी डिटेक्टर आणि घनाकार प्रतिमा घेऊन चाचणी केली तर ही चूक कधीच उघडी पडत नाही, आणि डेमो नेमके चौकोनी डिटेक्टरचे आहेत. पहिली चाचणी मुद्दाम आयताकृती डिटेक्टरवर करा. पायथॉनमधला डेटा ३२ बिटी फ्लोट असावा. न्यूमपाय आपण होऊन ६४ बिटी करतं, तेव्हा आत पाठवण्याआधी बदलून घ्या. व्हॉक्सेलची संख्या, व्हॉक्सेलचं माप आणि एकूण माप हे तिन्ही आकडे द्यावे लागतात. दोन टाइप करा आणि तिसरा गुणाकारानं काढा.

तिसरी चूक फिरण्याच्या दिशेची, आणि ही फसवी आहे. किरण समांतर असते तर दिशा उलटी सांगितल्यावर नुसती आरशातली प्रतिमा मिळाली असती. शंकूत मात्र ट्यूबजवळची वस्तू मोठी आणि डिटेक्टरजवळची लहान दिसते, त्यामुळे मध्यभाग ठीक ओळखू येतो आणि मध्यापासून दूर जावं तसं सगळं दुहेरी होत जातं. अशी प्रतिमा दिसली की कोनांचं चिन्ह बदला किंवा प्रत्येक सावली आडवी उलटवा, दोन्हींतलं एकच. मध्यबिंदूची चूक वेगळी दिसते. पॅनेल अर्धा-एक पिक्सेल सरकलेलं असेल तर ३६० अंशांच्या स्कॅनमध्ये बारीक मण्याभोवती कडं दिसतं, अपुऱ्या फेरीत तोच मणी चंद्रकोरीसारखा होतो. भूमिती तपासायला म्हणूनच अक्षापासून दूर ठेवलेला स्टीलचा छोटा मणी सगळ्यात चांगला.

सरकवलेल्या पॅनेलबद्दल आणखी थोडं. १४८ मिमी सरकवल्यावरही मध्याच्या पलीकडे पॅनेलचा ५०.६ मिमी भाग उरतो. त्यातून जाणारे किरण पूर्ण फेरीत दोनदा मोजले जातात. त्यांना अर्धंअर्धं वजन दिलं नाही तर प्रतिमेच्या मधोमध ६७ मिमीची उजळ चकती उमटते. टिग्रेच्या एफडीके या पायाभूत अल्गोरिदममध्ये (त्याबद्दल पुढे) यासाठी वांग यांच्या पद्धतीचं वजन आहे. मात्र २०० अंशांच्या अपुऱ्या फेरीसाठीचं पार्करचं वजन आपोआप लागलंच असेल असं धरू नका, ते लागलंय का हे तपासा. विसरलं तर प्रतिमेत एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाणारी हलकी छाया राहते आणि माणूस दोष डिटेक्टरमध्ये शोधत बसतो. आरटीके इथे जास्त सावध आहे: कोनांमधली फट पाहून ते वजन लावायचं की नाही हे स्वतः ठरवतं.

लॉग घेण्याआधीचं काम

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या कामाला अगदी लागू पडते. टिग्रेला हवा असतो तो प्रत्येक किरणाचा रेषीय बेरजेचा आकडा, म्हणजे मोजलेल्या तीव्रतेला हवेतल्या तीव्रतेनं भागून घेतलेला ऋण लॉग. काही कंपन्यांच्या मशीनची फाइल वाचणारे लोडर टिग्रेसोबत येतात आणि लॉग घेऊनच डेटा देतात. तुमचं मशीन त्यांत नसेल तर हे सगळं तुमच्या अंगावर.

क्रम असा ठेवा. आधी अंधारातलं चित्र, म्हणजे क्ष-किरण बंद असतानाचं, वजा करा. मग बो-टाय फिल्टर (ट्यूबपुढचा, मध्ये पातळ आणि कडेला जाड तुकडा) तोच ठेवून घेतलेल्या हवेच्या चित्रानं भागा. फिल्टरशिवाय घेतलेलं हवेचं चित्र वापरलं तर फिल्टरचा आकारच प्रतिमेत वाटीसारखा उतरतो. ट्यूबची तीव्रता दर फ्रेमला थोडी बदलते, म्हणून रिकाम्या हवेचा एक पट्टा निवडून प्रत्येक फ्रेम त्यावर समतोल करा. मेलेले पिक्सेल शेजाऱ्यांच्या मध्यकानं भरा. आणि अंधार वजा केल्यावर, हवेच्या चित्रानं भागण्याआधीच, किमान आकडा एकवर आणा. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण एका पिक्सेलमध्ये शून्य राहिलं तर लॉग अनंत होतो, फिल्टर लावताना फूरिए रूपांतर त्या अनंताला पूर्ण ओळभर पसरवतं आणि बॅकप्रोजेक्शननंतर प्रतिमेच्या मोठ्या भागात आकड्यांऐवजी ‘नॅन’ भरलेलं असतं. सगळा दोष एका पिक्सेलचा.

यातल्या छोट्या चुका किती महाग पडतात ते आकड्यांतच पाहावं. सोयीसाठी ६० केईव्हीची एकच ऊर्जा धरू. २०० मिमी पाण्यातून १.६ टक्के किरण बाहेर येतात. ३५० मिमी जाडीच्या ओटीपोटातून येतात ०.०७ टक्के. हवेत पिक्सेलचा आकडा ६०,००० असेल तर त्या पोटामागे उरतात सुमारे ४४. आता अंधाराच्या चित्रात फक्त १० काउंटची चूक असेल, किंवा आधीच्या उजळ फ्रेमचा तेवढा अवशेष डिटेक्टरमध्ये राहिला असेल, तर ४४ चे ५४ होतात आणि लॉगमध्ये ०.२ चा फरक पडतो. तेच १० काउंट हवेच्या पिक्सेलवर काहीच करत नाहीत. म्हणून जाड शरीराच्या मध्यात काळपट खड्डा दिसतो आणि बारीक फँटमवर सगळं ठीक असतं.

विखुरलेल्या किरणांचं तर विचारूच नका. जाड भागात ते मूळ किरणांइतके, कधी त्यांहून जास्त असतात. बरोबरीचे धरले तरी मोजलेला आकडा दुप्पट होतो, लॉगमधून ०.६९३ कमी होतात, आणि ७.२ च्या बेरजेत हा जवळजवळ १० टक्क्यांचा तोटा आहे, म्हणजे त्या किरणावर सरासरी शंभरच्या आसपास हाउन्सफील्ड. कोणताही इटरेटिव्ह अल्गोरिदम हे भरून काढत नाही, कारण त्याच्या ए-मध्ये विखुरणं नाहीच. तो चुकलेल्या आकड्यांशी आणखी इमानेइतबारे जुळवून घेतो. बीम हार्डनिंगचंही (कमी ऊर्जेचे किरण आधी गळून उरलेले जास्त भेदक होतात, त्याचं) तसंच: पाण्याच्या वेगवेगळ्या जाड्या मोजून बहुपदी बसवा आणि लॉगनंतर लावा. टिग्रेत विखुरण्याची सर्वसाधारण दुरुस्ती हाताशी मिळेल या भरवशावर प्रकल्पाचं वेळापत्रक बसवू नका.

आतले अल्गोरिदम

एफडीके हा फेल्डकॅम्प, डेव्हिस आणि क्रेस यांचा १९८४ चा अल्गोरिदम, आणि आजही प्रत्येक तुलनेची पहिली ओळ त्याचीच. त्यातला मूळ फिल्टर राम-लॅक, म्हणजे जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या आपल्या दोन शास्त्रज्ञांच्या १९७१ च्या कामावरून पडलेलं नाव. जगभरच्या सीटीच्या कोडमध्ये ही अक्षरं टाइप होतात आणि टाइप करणाऱ्या कित्येकांना ती नावं कुणाची हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. राम-लॅक सगळ्यात धारदार आणि सगळ्यात गोंगाटाचा; हॅन आणि हॅमिंग गोंगाट दाबतात, धारही कमी करतात. दोन अल्गोरिदमांची तुलना करताना फिल्टर कुठला ते लिहिलं नसेल तर त्या तुलनेवर विश्वास ठेवू नये.

एका वर्तुळाकार फेरीतून मधल्या प्रतलाबाहेरची पूर्ण माहिती मिळतच नाही, हे टुय यांच्या १९८३ च्या अटीवरून कळतं. त्यामुळे वरच्या-खालच्या स्लाइसमध्ये आडव्या सपाट कडा पुसट होतात. एकावर एक ठेवलेल्या चकत्यांचा फँटम घेतला की हे लगेच दिसतं. ही चूक अल्गोरिदम बदलून थोडी कमी होते, जात नाही.

इटरेटिव्हमध्ये रोजच्या कामाला ओएस-सार्ट. सार्ट दर सावलीनंतर प्रतिमा सुधारतो म्हणून हळू, एसआयआरटी सगळ्या सावल्यांनंतर एकदाच सुधारतो म्हणून फेऱ्या जास्त लागतात. ओएस-सार्ट वीस-वीसच्या गठ्ठ्यांनी जातो. गठ्ठ्यांचा क्रम कोनानुसार सरळ ठेवू नका, एकमेकांपासून दूरचे कोन पाठोपाठ येतील असा पर्याय निवडा, फरक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच दिसतो. फेऱ्या वाढवत गेलं की प्रतिमा आधी सुधारते आणि मग गोंगाट बसवू लागते. डेटाशी फरक कमी होत राहतो, प्रतिमा मात्र बिघडत जाते. म्हणून थांबण्याची फेरी फरकाच्या आलेखावरून ठरवता येत नाही.

कमी सावल्या असतील तर एएसडी-पॉक्स, म्हणजे डेटाशी जुळवणं आणि टोटल व्हेरिएशन (टीव्ही, म्हणजे शेजारच्या व्हॉक्सेलमधल्या फरकांची बेरीज) कमी करणं यांची आळीपाळी. यात एप्सिलॉन नावाचा आकडा ठरवावा लागतो: डेटाशी किती फरक चालेल. टिग्रेच्या डेमोत तो काढण्याची साधी रीत आहे. एफडीकेची प्रतिमा घ्या, तिच्या सावल्या काढा, मोजलेल्यांशी फरकाची लांबी घ्या आणि ०.१५ नं गुणा. सुरुवातीला ठीक, पण ०.१५ हा दगडावर कोरलेला आकडा नाही. डोस बदलला की बदलतो. टीव्हीचा जोर जास्त झाला की मऊ ऊती तेलकट ठिपक्यांसारख्या दिसतात आणि हाडातली बारीक जाळी पुसून जाते. डोक्याच्या फँटमवर चुकीचा आकडा कमी झाला म्हणून आनंद मानू नका, तो फँटमच तुकड्यातुकड्यांनी सपाट आहे आणि टीव्हीला नेमकं तेच आवडतं.

इटरेटिव्हसाठी एक अट एफडीकेला नसते: प्रतिमेच्या चौकटीत सगळी वस्तू मावली पाहिजे, खालचं टेबलसुद्धा. वरच्या उदाहरणात ४५० मिमीला ५१२ व्हॉक्सेल आणि २०० मिमीला २०० स्लाइस घेतले तर प्रतिमा फक्त २०० एमबीची होते. पण खांदे किंवा टेबल बाहेर राहिले तर त्यांचा क्षय कुठेतरी बसवायचा म्हणून अल्गोरिदम तो कडेला रचतो. चौकट मोठी घ्या, जाड व्हॉक्सेल चालतील, शेवटी हवा तेवढा भाग कापा.

आता सगळ्यात नाजूक भाग. टिग्रेचं बॅकप्रोजेक्शन वेगासाठी व्हॉक्सेलनं चालतं आणि फॉरवर्ड प्रोजेक्शन किरणानं. दोन्ही एकमेकांचे काटेकोर ट्रान्सपोज नाहीत. बॅकप्रोजेक्शनला दोन प्रकारची वजनं आहेत: मूळ ठरलेलं एफडीकेचं आणि दुसरं ‘मॅच्ड’. सीजीएलएससारखा (कॉन्जुगेट ग्रेडियंट पद्धतीचा) अल्गोरिदम ट्रान्सपोज खरा आहे असं धरून चालतो, तिथे ‘मॅच्ड’च द्यायचं, तरीही काही फेऱ्यांनी फरक वाढू लागू शकतो. स्वतःचा ग्रेडियंट लिहिण्याआधी ही तपासणी करा: यादृच्छिक प्रतिमा आणि यादृच्छिक सावल्या घ्या, प्रतिमेच्या सावल्यांचा त्या सावल्यांशी अंतर्गुणाकार आणि प्रतिमेचा उलट पसरवलेल्या सावल्यांशी अंतर्गुणाकार, दोन्ही ताडून पाहा. किती टक्के फरक येतो तो वहीत लिहून ठेवा. तुमचा नवा अल्गोरिदम तिसाव्या फेरीत भरकटला तर पाणी कुठं मुरतंय हे शोधताना हा आकडा लागेल.

कृत्रिम डेटा बनवतानाही जपा. ज्या जाळीवर आणि ज्या प्रोजेक्टरनं सावल्या बनवल्या त्याच जाळीवर रिकन्स्ट्रक्शन केलं तर उत्तर खोटं चांगलं येतं. दुप्पट बारीक जाळीवर सिडनच्या (किरणाची प्रत्येक व्हॉक्सेलमधली नेमकी लांबी मोजणाऱ्या) प्रोजेक्टरनं सावल्या बनवा, पॉयसन आणि गॉसियन गोंगाट घाला (टिग्रेत त्यासाठी फंक्शन आहे), आणि रिकन्स्ट्रक्शन इंटरपोलेशनवाल्या प्रोजेक्टरनं करा.

मेमरीचं टिग्रे छान सांभाळतं. कार्डावर न मावणारी प्रतिमा ते तुकडे करून पाठवतं, एकाहून जास्त कार्डं असतील तर काम वाटतं. मात्र मुख्य रॅमचं गणित तुम्हीच करायचं. १०२४ बाय ७६८ ची एक सावली फ्लोटमध्ये ३ एमबी, ६५० सावल्या म्हणजे १९५० एमबी. सीजीएलएस त्यांच्या दोन-तीन प्रती धरून बसतो, म्हणजे सहा जीबीच्या घरात. दोन बाय दोन पिक्सेल एकत्र केले की हे सगळं चौथाईवर येतं, आणि प्रयोगाच्या काळात तसंच करावं.

शेजारचे दोघे

अ‍ॅस्ट्रा अँटवर्प विद्यापीठ आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित आणि संगणकशास्त्राच्या संस्थेचं. त्याची मोठी ताकद म्हणजे प्रत्येक सावलीसाठी बारा आकडे देऊन स्रोत, पॅनेलचा मध्य आणि पॅनेलच्या दोन दिशा स्वतंत्र सांगता येतात. सी-आर्मचा हात फिरताना लवतो, दर कोनाचं कॅलिब्रेशन वेगळं असतं. तिथे अ‍ॅस्ट्रा सरळ बसतं, टिग्रेत तेच सरक आणि फिरवण्याच्या कोनांत बदलून द्यावं लागतं आणि चिन्हांत घोळ होतो. द्विमिती फॅन-बीमही अ‍ॅस्ट्रात सोपं, आणि ते कार्डाशिवाय चालतं. परवाना मात्र जीपीएल तिसरी आवृत्ती, म्हणजे त्यावर बेतलेला प्रोग्राम वाटताना त्याचा कोडही खुला करावा लागतो. उत्पादन विकायचं असेल तर आधी वकिलाला दाखवा.

आरटीके हे आयटीके या वैद्यकीय प्रतिमांच्या सी++ लायब्ररीवर उभं आहे आणि रेडिएशन थेरपीवाल्यांनी रेडिएशन थेरपीसाठी बनवलं आहे. व्हॅरियन आणि एलेक्टा या लिनॅक बनवणाऱ्या कंपन्यांच्या फायली वाचणं, सरकलेलं पॅनेल, श्वासानुसार चार-मिती सीटी, हे सगळं त्यात तयार आहे आणि बरंचसं टर्मिनलवर एका ओळीच्या आज्ञेनं चालतं. परवाना अपाचे. पण त्यात नवा अल्गोरिदम घालायचा म्हणजे आयटीकेच्या सी++ टेम्प्लेटमध्ये उतरायचं, आणि ती उडी लहान नाही. व्यवहारात चांगला मार्ग असा दिसतो: कच्च्या डेटाची साफसफाई आणि एफडीकेचा संदर्भ आरटीकेनं, नव्या कल्पनेची चाचणी टिग्रेत.

उत्पादनाकडे जाणाऱ्यांसाठी दोन वाक्यं पुरेत. यांपैकी कुठलंही वैद्यकीय उपकरण म्हणून प्रमाणित नाही; आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकाप्रमाणे बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती गोठवून, धोके लिहून, तुमच्या चाचण्यांनी ते सिद्ध करावं लागतं. आणि भारतात मशीनवर क्ष-किरण सुरू करायचे तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ सोबत मुंबईच्या अणुशक्तीनगरमधल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटीही असतात, त्या सॉफ्टवेअरवाल्यांनीही सुरुवातीलाच वाचाव्यात.

सरावाला खरा डेटा हवा असेल तर सीडब्ल्यूआयनं २०१९ साली खुला केलेला ४२ अक्रोडांचा कोन-बीम संच घ्या. प्रत्येक अक्रोड स्रोताच्या तीन उंचींवरून स्कॅन केलेला आहे, त्यामुळे एका फेरीची शंकूची चूक नसलेली संदर्भ-प्रतिमा मिळते. मधल्या उंचीची फेरी घ्या, दर विसावी सावली ठेवा, आधी एफडीके, मग ओएस-सार्ट, मग एएसडी-पॉक्स चालवा आणि टरफलाकडे पाहू नका, ते तिन्हींत छान येतं. गराच्या दोन फाकांमधला पातळ पडदा पाहा. टीव्हीचा जोर जास्त झाला असेल तर सगळ्यांत आधी तो नाहीसा होतो.